डोक्यावरचा आवाज आणि खालच्याचा हक्क

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते आणि ती अक्षरशः डोक्यावरची असते. रात्री वरच्या घरात खुर्च्या सरकतात. पोरं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात. कुणीतरी टाचा आपटत चालतं. पहाटे खलबत्त्यात आलं-लसूण कुटलं जातं. खाली अंथरुणात पडलेल्या माणसाला वाटतं, हे सगळं मुद्दाम चाललंय. वर राहणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, ‘आमच्याकडे तर दहा वाजता सामसूम असते.’ गंमत म्हणजे बऱ्याच वेळा दोघंही खरं बोलत असतात.

भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांनी सामान उचलता येतं. स्वतःच्या फ्लॅटचं तसं नाही. कुणी गावची जमीन विकून घर घेतलेलं असतं, कुणाची दुबई-कुवेतमधली दहा-पंधरा वर्षांची कमाई त्यात गेलेली असते. शिवाय दुसरीकडे घर बघायला गेलं की नाव ऐकूनच ‘फ्लॅट गेला’ असं सांगणारे भेटतात. हा अनुभव आपल्यापैकी किती जणांना आहे ते वेगळं सांगायला नको. तेव्हा आहे तिथेच राहायचंय, त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचंय. ज्याच्याशी आज भांडण झालं तो उद्या लिफ्टमध्ये भेटणार आणि जुम्म्याला सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभा राहणार.

अशा वेळी दोन टोकाच्या गोष्टी होताना दिसतात. काही जण ‘शेजारी आहे, सब्र करा, तक्रार केली तर गुनाह होईल’ म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि आतल्या आत कुढतात. घरात आजारी आई असते, रात्रपाळी करून आलेला मुलगा असतो, दहावीची मुलगी असते. त्यांची झोप जाते, चिडचिड घरातल्यांवर निघते. काही जण पहिल्याच रात्री झाडूच्या दांड्याने छत ठोकतात आणि सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट नंबरासकट मेसेज टाकतात. पहिल्या मार्गाने आवाज थांबत नाही. दुसऱ्याने थांबला तरी शेजार संपतो. माझं म्हणणं असं आहे की तक्रार करणं हा खाली राहणाऱ्याचा हक्क आहे, शरीयतच्या दृष्टीने आणि देशाच्या कायद्यानेही. पण त्या हक्काला एक क्रम आहे आणि क्रमातली पहिली पायरी तक्रारीची नाही, आवाज ओळखण्याची आहे.

आवाज नेमका कुठून येतो?

आमचाच किस्सा सांगतो. आमच्या बेडरूममध्ये रात्री उशिरापर्यंत एक घरघर ऐकू यायची. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. आम्ही डोक्यावरच्या घरातल्या भाईंना धरून बसलो होतो. जिन्यात भेटले तरी सलाम कोरडा व्हायचा. तीन महिन्यांनी एकदा त्यांचं अख्खं कुटुंब लग्नाला गावी गेलं, दाराला कुलूप. त्या रात्रीही घरघर चालूच! शोध घेतला तेव्हा कळलं की आवाज त्यांचा नव्हताच. त्यांच्या बाजूच्या फ्लॅटमधल्या भाभी घरी शिलाई करत होत्या. मोटरचं मशीन भिंतीला टेकलेलं होतं आणि भिंतीतून, बीममधून तो आवाज तिरका आमच्या खोलीत उतरत होता. तीन महिने ज्या माणसाबद्दल मनात वाईट धरलं, त्याचा काडीचा संबंध नव्हता.

हे असं का होतं ते समजून घेतलं की निम्मा राग जातो. आवाज दोन तऱ्हेने येतो. बोलणं, टीव्ही, रडणारं मूल हे हवेतून येतं. आपल्याकडचा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब जड असतो, तो हवेतला आवाज बऱ्यापैकी अडवतो. म्हणून वरच्यांचं बोलणं सहसा छतातून ऐकू येत नाही. आलं तर ते खिडकीतून किंवा बाथरूमच्या डक्टमधून येतं. दुसरा आवाज आघाताचा. टाच, खुर्चीचा पाय, पडलेली वाटी, पाटा-वरवंटा, वॉशिंग मशीनचं गरगरणं. हा आवाज हवेत तयार होऊन खाली येत नाही, तो स्लॅबलाच हलवतो. मग खालच्या खोलीचं छत ढोलाच्या कातड्यासारखं वाजतं. आपल्या इमारतींत स्लॅबवर सिमेंटचा थर आणि त्यावर थेट टाइल्स बसवतात. मध्ये रबर, फोम असं धक्का शोषणारं काहीच नसतं. पूर्वी घरात सतरंजी, जाजम, चटई अंथरलेली असायची. आता चकचकीत टाइल्स उघड्या ठेवायची पद्धत आली आहे आणि त्या टाइल्सवर प्लास्टिकची खुर्ची ओढली की खाली दगड फरफटल्यासारखं वाटतं. वर मात्र ‘खर्र’ एवढाच आवाज होतो.

म्हणून कुणावर बोट ठेवण्याआधी आठ-दहा दिवस एका वहीत नोंद ठेवा. तारीख, वेळ, कुठल्या खोलीत ऐकू आलं, कशासारखं वाटलं, किती वेळ चाललं. घरातला पाण्याचा पाइप ठोके देतोय का, गच्चीवरचा किंवा तळमजल्यावरचा पंप त्याच वेळी चालू होतो का, लिफ्टची मोटर आहे का, हे वॉचमनला विचारून ताडून बघा. भिंतीला कान लावला की कधीकधी दिशा कळते. ही वही पुढे तक्रार करायची वेळ आली तर पुरावा म्हणून कामाला येते, आणि कधी असंही होतं की नोंद ठेवताना लक्षात येतं, आवाज रोज नाही, आठवड्यातून दोनदाच आहे.

उपाय वरच्या मजल्यावर असतो

ही गोष्ट अनेकांना पटत नाही. आघाताच्या आवाजावर खालून फार काही करता येत नाही. लोक हजारो रुपये घालून पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घेतात आणि टाचांचा आवाज तसाच राहतो. साधं सीलिंग त्याच स्लॅबला सळ्यांनी लटकवलेलं असतं, स्लॅब हलला की तेही हलतं. रबरी हँगर, मध्ये ग्लासवूल आणि कडेने सगळ्या फटी बंद असं जाणकाराकडून नीट केलं तर फरक पडतो. पण त्याला खर्च येतो आणि आधीच कमी उंचीची खोली आणखी बुटकी होते. आवाज जिथे जन्मतो तिथेच त्याला मऊ करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूच किंवा नमद्याचे तुकडे लावायचे, हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. पोरं जिथे पळतात तिथे फोमच्या जोडून बसणाऱ्या चटया किंवा जाड सतरंजी अंथरायची. मिक्सरखाली दुमडलेला जाड टॉवेल किंवा रबरी मॅट ठेवायची आणि ओट्यावर तो भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही. खलबत्ता ओट्यावर न ठेवता खाली दुमडलेलं पोतं किंवा घोंगडीची घडी घेऊन कुटायचं. वॉशिंग मशीनचे पाय समपातळीत आहेत का पाहायचं, डुगडुगणारं मशीन दुप्पट आवाज करतं. ते रात्री लावायचं नाही. घरात मऊ सपाता घालायच्या. छताच्या कडीला अडकवलेला झोपाळा कुरकुरत असेल तर कडीत तेल आणि बुशिंग. सगळं मिळून दोन-चार हजारांच्या आतलं काम आहे, आणि खरं सांगायचं तर खाली राहणाऱ्याने ‘रबरी बूच मीच आणून देतो’ म्हटलं तर वरच्याला नाही म्हणायला जागाच राहत नाही.

सांगायचं कसं? रात्री आवाज चालू असताना दार वाजवायला जाऊ नये. त्या वेळी तुम्ही चिडलेले असता आणि समोरचा झोपायच्या तयारीत. दुसऱ्या दिवशी असर ते मगरिबच्या दरम्यान जा, शक्यतो घरातल्या बाईमाणसांना बरोबर घेऊन, कारण घरातल्या हालचालीवर ताबा त्यांच्या हातात असतो. जाताना काही गोडधोड नेलं तर उत्तमच. बोलताना ‘तुम्ही आवाज करता’ असं न म्हणता ‘भाभी, तुम्हाला वर कळत नसेल, पण रात्री खुर्ची सरकली की खाली अम्मींना दचकून जाग येते, त्यांना बीपीचा त्रास आहे’ असं सांगा. शक्य झालं तर त्यांना एकदा खाली बोलवा, चहा पाजा आणि त्यांच्याच मुलाला वर धावायला सांगा. छत वाजलं की मग समजावून सांगायची गरज पडत नाही.

दोन घरांत धर्म वेगळा असेल तर आणखी जपून. बोलणं खुर्ची, वेळ आणि खोली यावरून एक इंच हलू द्यायचं नाही. ‘तुमचे लोक’, ‘आमचे लोक’ हा शब्द एकदा तोंडातून गेला की मूळ विषय संपला, आणि तो ग्रुपवर गेला तर बिल्डिंगच्या बाहेरही जातो.

शेजाऱ्याचा हक्क

शेजाऱ्याशी चांगलं वागण्याची ताकीद कुरआनमध्ये सूरह निसाच्या ३६व्या आयतीत आई-वडील, नातेवाईक, अनाथ यांच्या बरोबरीने आली आहे, आणि तिथे जवळचा शेजारी व दूरचा शेजारी असा दोघांचाही उल्लेख आहे. जिब्रील (अलै.) शेजाऱ्याबद्दल इतक्या वेळा ताकीद देत राहिले की शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळतो की काय असं प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना वाटू लागलं, ही बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आलेली हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पण बहुतेक वेळा ती बयानात ऐकून सोडून देतो. वर राहणाऱ्याने ती स्वतःच्या फरशीला लावून पाहिली पाहिजे.

आवाजाबद्दलचं सगळ्यात नेमकं उदाहरण मला सहीह मुस्लिममधल्या मिकदाद (रजि.) यांच्या रिवायतीत दिसतं. प्रेषित (सल्ल.) रात्री येत तेव्हा सलाम अशा बेताने करत की जागा असलेल्याला ऐकू जावा आणि झोपलेल्याची झोप मोडू नये. सलाम म्हणजे दुआ, तरी तिचाही आवाज मोजून. अबू दाऊदमध्ये एतिकाफचा प्रसंग आहे. मशिदीत लोक मोठ्याने तिलावत करत होते, तेव्हा एकमेकांना त्रास होईल इतका आवाज चढवू नका असं त्यांना सांगण्यात आलं. जिथे कुरआनच्या तिलावतीला ही मर्यादा आहे तिथे पहाटे स्पीकरवर नात लावणाऱ्याने, किंवा रात्री एकला क्रिकेट मॅच लावणाऱ्याने, काय समजायचं ते समजावं. सूरह फुरकानमध्ये रहमानचे बंदे जमिनीवर नम्रपणे चालतात असं वर्णन आहे. मुफस्सिरांनी त्याचा अर्थ अहंकार नसणं असा घेतलाय, टाचांचा आवाज नव्हे. पण स्लॅबखाली राहणाऱ्याला दोन्ही अर्थ चालतील!

‘माझा फ्लॅट आहे, मी काहीही करेन’ हा युक्तिवाद आपल्याकडे फार ऐकू येतो. बुखारीत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आलेली जहाजाची हदीस याच युक्तिवादाबद्दल आहे. चिठ्ठ्या टाकून काहींना जहाजाचा वरचा भाग मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वरच्यांतून जावं लागे. ते म्हणाले, वरच्यांना त्रास नको, आपल्या हिश्श्यातच एक भोक पाडू. हिस्सा त्यांचा खरा, पण भोक पाडू दिलं तर सगळेच बुडणार.

हनफी फिकहमध्ये तर वरचा मजला एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा असेल तर काय, यावर सविस्तर चर्चा आहे. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारलेली ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार झाली. तिचं कलम ११९२ म्हणतं की मालक आपल्या मिळकतीत हवं ते करू शकतो, पण दुसऱ्याचा हक्क त्यात गुंतला असेल तर मनमानी करता येत नाही. आणि त्यासाठी उदाहरण दिलंय ते मजल्यांचंच. वरच्याला खालच्याच्या आधारावर उभं राहायचा हक्क, खालच्याला वरच्यामुळे ऊन-पावसापासून आडोसा मिळायचा हक्क, आणि एकमेकांच्या संमतीशिवाय नुकसान होईल असं काही कुणीच करायचं नाही. पुढच्या कलमांत ‘जरर-ए-फाहिश’ म्हणजे असह्य त्रास कशाला म्हणायचं ते येतं. लोहाराच्या ठोक्यांनी शेजारचं घर कमकुवत होत असेल तर तो त्रास दूर करावाच लागेल असं तिथे आहे. याचा अर्थ असाही होतो की प्रत्येक त्रास ‘असह्य’ नसतो. दिवसा मूल खेळलं, स्वयंपाकघरात भांडं पडलं, आजारी म्हातारा रात्री दोनदा काठी टेकत बाथरूमला गेला, तर ते घरात माणसं राहतात म्हणून होणारे आवाज आहेत. ते सोसायचेच.

आणि तक्रार करणं गुनाह आहे का? अबू दाऊदमधलीच एक हदीस बघा. एक माणूस शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार घेऊन प्रेषितांकडे (सल्ल.) आला. आधी त्याला सब्र करायला सांगितलं. तो पुन्हा आला. दोन-तीन वेळा झाल्यावर त्याला सांगितलं गेलं की घरातलं सामान काढून रस्त्यावर ठेव. येणारे-जाणारे कारण विचारू लागले, शेजाऱ्याला बोल लावू लागले, तेव्हा तो शेजारी स्वतः आला आणि म्हणाला, घरात परत जा, आता तुला त्रास होणार नाही. क्रम लक्षात घ्या. सब्र, पुन्हा सब्र, आणि मग चारचौघांत. सूरह निसाच्या १४८व्या आयतीतही वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता नापसंत ठरवताना ज्याच्यावर जुलूम झालाय त्याला सूट दिली आहे. म्हणून सेक्रेटरीकडे दिलेला अर्ज ही गीबत नाही. जिन्यात उभं राहून चौथ्या मजल्यावरच्या भाभींना सांगितलेले किस्से मात्र गीबतच.

इमाम अबू हनीफा (रहे.) यांचा किस्साही इथे सांगितलाच पाहिजे. खतीब बगदादी यांच्या ‘तारीख-ए-बगदाद’मध्ये तो आहे. कूफ्यात इमामसाहेबांच्या शेजारी एक मोची राहायचा. दिवसभर काम, रात्री दारू, आणि नशेत झोप लागेपर्यंत मोठ्याने गाणं. इमामसाहेब रात्री नमाजला उभे असत, त्यांना ते रोज ऐकू यायचं. एका रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तर कळलं की पहारेकऱ्यांनी त्याला पकडून नेलं. फजरनंतर इमामसाहेब स्वारी करून थेट अमीराकडे गेले आणि त्याला सोडवून आणलं. पुढे त्या मोच्याने तोबा केली असं सांगतात. आपल्यापैकी कितीजण शांत रात्री वरच्याची चौकशी करायला जातील?

सोसायटी आणि कायदा

समजावून झालं, दोन-तीनदा झालं, तरी फरक नाही. मग कागद. आधी बघा, तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे की १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं कॉन्डोमिनियम. मेंटेनन्सच्या पावतीवर नाव असतं. पुण्यात अपार्टमेंटचा प्रकार बराच आहे. तिथे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ आणि त्याला जोडलेल्या उपविधींत शेजाऱ्याला उपद्रव न देण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, ते प्रत्येक मालकावर बंधनकारक असतं.

सोसायटी असेल तर आदर्श उपविधींत स्पष्ट आहे की कुठल्याही सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये इतरांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही आणि तक्रार आली तर समितीने पावलं उचलायची. तक्रारीची पद्धत १७२ ते १७४ या क्रमांकांच्या उपविधींत आहे. अर्ज लेखी द्यायचा. समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला कळवायचं. समाधान झालं नाही किंवा उत्तरच आलं नाही तर कुठे जायचं त्याची यादी १७४मध्ये आहे. कुठला विषय निबंधकाकडे, कुठला सहकार न्यायालयात, कुठला दिवाणी न्यायालयात, कुठला महापालिकेकडे, कुठला पोलिसांकडे, हे तिथे वेगवेगळं लिहिलंय. उपद्रव आणि धमकी हे विषय पोलिसांच्या रकान्यात आहेत.

अर्जात शिव्याशाप नकोत. फ्लॅट नंबर, वहीतल्या तारखा-वेळा, आधी किती वेळा तोंडी सांगितलं, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. ‘रात्री दहानंतर शिलाई मशीन व वॉशिंग मशीन बंद ठेवावं’ असं मागितलं तर समितीला निर्णय देता येतो. ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहिलं तर काहीच होत नाही. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. वर भाडेकरू असेल तर पत्र फ्लॅटच्या मालकाच्या नावाने द्या आणि प्रत भाडेकरूला, कारण सोसायटीशी बांधील असतो तो सभासद. आणि सेक्रेटरीच वरच्या मजल्यावर राहत असेल तर? तेही होतं! मग अर्ज चेअरमनच्या नावाने, पोस्टाने, रजिस्टर्ड.

घराची तोडफोड-दुरुस्ती हा वेगळा त्रास. त्याला समितीची लेखी परवानगी लागते, आणि कामाचे तास, दुपारची विश्रांती, सुट्टीचा दिवस हे सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतले की रोजची वादावादी वाचते.

पोलिसांबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. लोक मोबाइलवर ॲप टाकतात, ५० आकडा दिसला की केस झाली असं समजतात. ही मर्यादा परिसरातल्या एकूण आवाजासाठी आहे. वरच्या टाचांचा धप्पकन येणारा आवाज त्यात नीट बसतच नाही, आणि मोबाइलचं ॲप हे प्रमाणित यंत्र नाही. हे नियम खरे उपयोगी पडतात ते डीजे, मोठी म्युझिक सिस्टीम, रात्रीचं ड्रिलिंग अशा वेळी. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरायला बंदी आहे. अशा वेळी ११२ला फोन करा. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७०मध्ये आणि शिक्षा २९२मध्ये आहे, एक हजार रुपयांपर्यंत दंड. पण ‘सार्वजनिक’ या शब्दाकडे लक्ष द्या. त्रास फक्त तुमच्या एका घराला असेल तर पोलीस बहुधा समजुतीने घ्या असंच सांगतील. एका घराच्या उपद्रवासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालात शांततेने जगणं हे अनुच्छेद २१च्या जगण्याच्या हक्कात धरलं आहे. हक्क भक्कम आहे, रस्ता मात्र लांब. वकील, तारखा आणि त्या काळात रोज त्याच जिन्याने ये-जा. त्यामुळे तो शेवटचाच.

आपल्या वस्त्यांतल्या कित्येक इमारतींत सोसायटीची नोंदणीच झालेली नाही, बिल्डर निघून गेला आणि मेंटेनन्स गोळा करणारे चार जण आहेत. तिथे उपविधी वगैरे काही लागू पडत नाही. अशा ठिकाणी दोन्ही घरं ज्यांचं ऐकतात असे मध्यस्थ लागतात, मशिदीच्या ट्रस्टमधले कुणी बुजुर्ग, शाळेतले सर, फॅमिली डॉक्टर. ठरलेलं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तर बरं. आणि नोंदणीच्या मागे लागा, ते काम आवाजापुरतंच नाही.

रमजानमध्ये आपण सगळेच वरचे

एक गोष्ट राहिली. आपण कुणाच्या तरी खाली राहतो तसे बहुतेक जण कुणाच्या तरी वर राहतो. रमजानमध्ये तरावीहनंतर घर जागं असतं, पहाटे चारला सहरीसाठी भांडी वाजतात, पाहुण्यांच्या चपला जिन्यात रात्री बारालाही आवाज करतात. खालचं घर मुस्लिम असेल तर तेही जागं असतं, चालून जातं. पण खाली गैरमुस्लिम कुटुंब असेल, किंवा आजारपणामुळे रोजा न ठेवणारी कुणी खाला असतील, तर? चांद दिसायच्या आधी खाली जाऊन सांगून यावं की महिनाभर पहाटे थोडी हालचाल असेल, फार वाटलं तर फोन करा. आल्याची चटणी संध्याकाळीच वाटून ठेवावी. पोरांना रात्री पळापळीसाठी गच्ची किंवा मैदान दाखवावं. इफ्तारीची एक प्लेट खाली गेली तर ती कामाला येतेच.

आमच्या त्या शिलाईच्या भाभींचं सांगायचं राहिलं. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, दिवसा मुलं आणि सासू, त्यामुळे मशीन रात्रीच चालायचं. ‘बंद करा’ म्हणणं म्हणजे त्यांच्या रोजीवर हात टाकणं होतं. आम्ही मशीन भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, चारी पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले, खाली जुनी गादी कापून अंथरली. आवाज पूर्ण गेला नाही, पण झोप लागू लागली. साडेदहाला मशीन थांबवायचं असं ठरलं. ईदच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो, तेव्हा त्या स्वतः येऊन सांगतात, ‘भाई, चांदरातपर्यंत जरा उशीर होईल.’ आम्ही त्या दिवसांत हॉलमध्ये झोपतो. आणि ज्या भाईंवर तीन महिने राग धरला होता, त्यांची मी माफी मागितली. त्यांना माझ्या रागाचा पत्ताच नव्हता.